दोनबोट्या

अण्णांनी आयुष्यभर लोकांना टायपिंग शिकवलं आणि त्यांचा सख्खा मुलगा मात्र दोन बोटांनी टाइप करायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांच्या क्लासमधून शिकून गेलेली पोरं-पोरी कचेऱ्यांमधून नोकरीला लागली, आणि घरातला धाकटा दोन्ही तर्जन्या पुढे काढून, मान खाली घालून, कोंबडीने दाणे टिपावेत तसा कळा शोधत बसायचा. अण्णा त्याला ‘दोनबोट्या’ म्हणायचे. लाडानेच म्हणायचे, पण त्या लाडाला एक बारीकसं टोक होतं आणि ते धाकट्याला बरोबर लागायचं.

“कळांकडे बघायचं नाही, उमटलेल्या अक्षरांकडेही बघायचं नाही,” अण्णा सांगायचे. “बोटांवर भरवसा ठेवायचा. बोटं चुकत नाहीत, आपण मध्ये डोकावलो की चुकतात.”

धाकट्याने ते कधी मनावर घेतलं नाही. ताईने घेतलं, ती शिकलीही, पण लग्न, पोरं, सासर यात तिची बोटं दुसऱ्या कामांना लागली. ती राहायची वडिलांपासून दोन गल्ल्या पलीकडे. धाकटा दुसऱ्या शहरात.

आणि गंमत बघा, दोनबोट्याचं नाव झालं ते कॉम्प्युटरमध्येच. दिवसा तो एका विमा कंपनीत नोकरी करायचा. पोटापुरती, मन लावून नाही. मन होतं दुसरीकडे. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून एक डेस्कटॉप बनवला होता. डेस्कटॉप म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर समोर जे जे दिसतं ते सगळं: खिडक्या, चित्रं, खालची पट्टी. फुकट होता. कुणीही घ्यावा, कुणीही आतला कोड उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. विकतचे डेस्कटॉप वापरणारे त्याला एकच टोमणा मारायचे. “तुमचं सगळं छान आहे हो, पण खिडकी उघडताना अडखळते.”

खिडकी उघडली, काम झालं, मग ती अडखळत उघडली काय नि नाचत उघडली काय, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. या मंडळींना तसं वाटत नाही. खिडकी खालून वर सरकताना मध्ये एकदा जरी दचकली तरी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. ते पडद्याचं चित्रण करतात, मग ते चित्रण सावकाश चालवून बघतात, कुठे हिसका बसला ते शोधतात, त्याचे आलेख काढतात आणि त्या आलेखांवरून एकमेकांच्या उरावर बसतात. धाकटा त्यांच्यातला अग्रणी. अॅनिमेशनचा सगळा भाग त्याच्याकडे होता. खिडकी ‘सर्रकन’ आली पाहिजे, असं तो इतक्यांदा म्हणायचा की तिथे त्याचं नावच सर्रकन पडलं होतं.

त्या वर्षी अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मानेतून चिरताना खांद्याची शीरही दुखावली, त्यामुळे उजवा हात उचलून पाटीवर लिहिणं जमेना. तसंही त्यांचं हस्ताक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. टायपिंगवाल्या माणसाने अक्षर घोटायचं कशाला? पण कोपर टेबलावर टेकवले की बोटं पूर्वीसारखीच चालत होती.

तेव्हा धाकट्याने एक चांगलं काम केलं. चांगल्याला चांगलं म्हणायला हवं. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने आपलाच डेस्कटॉप चढवला आणि तो अण्णांच्या टेबलावर मांडला. वरच्या ओळीतल्या एका कळेवर लाल टिकली चिकटवली. ती दाबली की खालून एक कोरी खिडकी वर येई, तिच्यात अण्णांनी टाइप केलेलं ठसठशीत अक्षरात दिसे. पुन्हा दाबली की खिडकी पुसून खाली जाई. अण्णांनी पहिल्याच दिवशी पडदा फिरवून समोरच्या खुर्चीकडे केला. त्यांना स्वतःला बघायची गरजच नव्हती. बोलताना आपण आपल्या तोंडाकडे थोडंच बघतो!

अण्णांनी त्या दिवशी टाइप केलं, “दोनबोट्याने दहा बोटांचं काम केलं.” धाकटा ते वाचून उठला आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. 

पुढचे काही आठवडे अण्णा तोंडाने बोलायचे त्याहून जास्त बोलले. दूधवाल्याशी हुज्जत घातली, जावयाला राजकारणावरून धुतलं, शेजारच्या काकूंचं कोडं सोडवून दिलं. टकटकटक, की वाक्य तयार.

मग धाकट्याने ती प्रसिद्ध सुधारणा केली.

अडचण जुन्या मशीनची होती. खिडकी वर सरकत असताना तिच्यात अक्षरं उमटवायची वेळ आली की जुन्या मशीनची त्रेधा उडायची. एकाच वेळी सरकायचं पण आणि लिहायचं पण, तिथेच ते अडखळायचं. धाकट्याने खूप डोकं आपटलं आणि शेवटी उपाय काढला. खिडकी पूर्ण जागेवर येऊन बसेपर्यंत तिने एकही कळ ऐकायची नाही. डोळ्याचं पातं लवतं त्याहून थोडासाच जास्त वेळ. तेवढ्यात कोण काय टाइप करणार? आलेखातले सगळे काटे गेले, रेघ सपाट झाली. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवरही खिडकी सर्रकन येऊ लागली. लोकांनी कौतुकाचा पाऊस पाडला. “मशीन नवीन घेतल्यासारखं वाटतंय,” असं कुणी लिहिलं, ते धाकट्याने पुन्हा पुन्हा वाचलं. वार्षिक मेळाव्यात मुख्य भाषण त्याचंच ठरलं.

एकानेच नाट लावला. तक्रारींच्या पानावर तो घुबडाचं चित्र लावून यायचा, म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे. त्याने लिहिलं, “नव्या आवृत्तीपासून खिडकी उघडताना माझी पहिली अक्षरं गायब होतात.”

या मंडळींत एक रीत आहे. तक्रार आली की ती आपल्या मशीनवर करून बघायची. झाली तर खरी. नाही झाली तर ‘माझ्याकडे होत नाही’ असं लिहून फाईल बंद. धाकट्याने रीत पाळली. खिडकी उघडली, ती येताना कौतुकाने बघितली, मग मान खाली घातली, पहिली कळ शोधली, तर्जनी उचलली आणि टाइप केलं. सगळी अक्षरं जागच्या जागी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याने लिहिलं, “माझ्याकडे होत नाही. खिडकी उघडेपर्यंत जरा दम धरा की. एवढी कसली घाई?” त्याखाली हसणारे चेहरे जमले.

घुबडाने उत्तर दिलं, “घाई नाही, सवय आहे.” पण तोवर तक्रार बंद झाली होती.

अण्णांच्या मशीनवर नवी आवृत्ती आपोआप चढायची. धाकट्यानेच तशी सोय करून ठेवली होती, वडिलांना नेहमी ताजं मिळावं म्हणून.

ताईचा पहिला फोन आला तेव्हा तिने सहज सांगितलं. “अरे, अण्णा हल्ली अर्धवट लिहितात. सुरुवातच नसते वाक्याला.”

“थकले असतील.”

“असतील.”

दुसऱ्या फोनला ती रडवेली होती. “मी विचारलं औषध घेतलं का, तर कसलंतरी तुटकंच आलं. मी म्हटलं, अण्णा, काय म्हणताय? तर चिडले. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तसंच. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. तर असे बघत बसले रे त्या पडद्याकडे, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलंय. मग स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले.”

“डॉक्टरांना दाखव ना.”

“दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशनचा धक्का असतो, वय असतं. वाक्याची सुरुवात सापडत नाही, असं होतं म्हणे. सुरुवात हरवणं हेच विस्मरणाच्या आजाराचं पहिलं लक्षण. आणि आता अण्णा कळफलकावर मुठी आपटतात. म्हणून शांत राहायच्या गोळ्या दिल्यात.”

धाकट्याला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. वडिलांचं डोकं, ज्यात अख्ख्या गावाची पोरं कुठल्या वर्षी कुठल्या बाकावर बसली ते साठवलेलं होतं, ते आता विझत चाललं, या विचाराने त्याला रात्री झोप लागेना. मेळावा पुढच्या आठवड्यात होता. त्याआधी एकदा भेटून येऊ, म्हणून तो गेला.

अण्णा टेबलाशी बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकलेली. पडदा आता त्यांच्याकडेच वळवलेला होता. जावई येऊन बाजूला बसला आणि धाकट्याशीच बोलू लागला, अण्णांचा विषय, अण्णांच्याच समोर. “जिना चढताना पडतील याची भीती वाटते. आमच्याकडेच आणू म्हणतोय. हे घर बंद करून टाकू. त्यांना विचारून काय फायदा, कळायला तर हवं.”

अण्णांनी लाल टिकली दाबली.

धाकट्याची नजर सवयीने पडद्यावर गेली. खिडकी येत होती, त्याची खिडकी, सुरेख, सलग, कुठेही हिसका नाही. आणि त्याच वेळी त्याच्या कानावर आवाज येत होता. टकटकटकटक. खिडकी अजून निम्म्यावर होती आणि अण्णांची बोटं पहिली अक्षरं लिहून पुढे गेली होती. खिडकी जागेवर बसली. तिच्यात सुरुवात तुटलेलं वाक्य उमटलं.

जावयाने ‘बघितलंस ना’ अशा अर्थाने भुवया उचलल्या. अण्णांनी पडद्याकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतले.

 ज्याला आयुष्यात दहा बोटं चालवता आली नाहीत, त्याने दहा बोटांवाल्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. हे त्याला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. चूक जिथे होती तिथपर्यंत तो एका श्वासात पोचला.

“जरा बघू,” तो म्हणाला आणि अण्णांच्या बाजूने वाकला. सेटिंगमध्ये ‘अॅनिमेशन’ असं लिहिलेला चौकोन होता. त्यातली बरोबरची खूण त्याने काढली. “लिहा आता, अण्णा.”

अण्णांनी मान हलवली. नको.

“लिहा ना. एकदाच.”

टिकली. खिडकी फटकन आली, ओबडधोबड, सरकणं नाही की काही नाही. आणि तिच्यात अख्खं वाक्य. “मी हे घर सोडणार नाही.”

ताई दारातच उभी होती. तिने तोंडावर हात घेतला. “अगं बाई! आला गुण. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांचा गुण यायला वेळ लागतो, पण येतो.” तिच्या डोळ्यांना धार लागली. अण्णा पुन्हा पुन्हा पडद्याकडे आणि बोटांकडे बघत होते. मग त्यांनी हळूच धाकट्याच्या मनगटावर हात ठेवला.

बोलायची वेळ होती ती. एकच वाक्य लागलं असतं. गोळ्यांचा गुण नाही, माझा दोष होता. धाकट्याच्या जिभेवर ते आलंही. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. कुणीतरी आधी बजावलं होतं, आपण त्याला हसलो होतो, आणि पुढच्या आठवड्यात याच कामासाठी आपल्याला व्यासपीठावर बसवणार आहेत. त्याने मनाशी ठरवलं, मेळावा होऊ दे, दोष दुरुस्त करतो, मग सांगतो. दुरुस्त झालेली चूक सांगायला सोपी जाते. आणि तो तोंडात मूग गिळून बसला.

निघताना त्याने ताईला एवढंच विचारलं, “आता बरे आहेत तर गोळ्या बंद करून बघू या का?”

“वेडा आहेस का तू? गुण आला म्हणून औषध बंद? कोणत्या पुस्तकात वाचलंस?”

“नाही, त्यांना गुंगी येत असेल...”

“तू चार तासांसाठी येतोस. मला रोज बघायचंय.” त्यावर धाकट्याकडे उत्तर होतं, पण ते त्याने खिशातच ठेवलं.

मेळावा झाला. भिंतीएवढ्या पडद्यावर त्याची खिडकी वर आली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. शेवटी प्रश्न विचारायला कुणी उठलं नाही. रात्री त्याने कोड उघडला आणि कळा अडवायची ओळ काढून बघितली. आलेखावर काटे परत उगवले. त्याने ओळ परत घातली. मंडळींपैकी एकाला त्याने आडून विचारलं, तर तो म्हणाला, “एका घुबडासाठी? ज्याला त्रास होतो त्याने अॅनिमेशन बंद करावं.” खरं तर धाकट्याला हेच ऐकायचं होतं. मग विमा कंपनीत वर्षअखेरची कामं आली, मग स्वतःचं आजारपण, मग आणखी काही. न सांगितलेल्या गोष्टीला कारणांची कधी कमतरता पडत नाही.

पण ती गोष्ट त्याला सुखाने जगूही देईना. खिडकी उघडली की त्याला टकटक ऐकू यायची. शेवटी त्याने खरंच हात घातला आणि कैक संध्याकाळी घालवून असं जमवलं की सरकताना आलेल्या कळा खिडकीने लक्षात ठेवायच्या आणि बसली की सगळ्या एकदम उमटवायच्या. साधी गोष्ट होती. आधी सुचली नव्हती, कारण आधी गरज वाटली नव्हती. दुरुस्ती सगळ्यांपुढे ठेवण्याआधी तो घरी गेला. आधी ताईला दाखवायचं, डोळ्यांनी बघू द्यायचं, मग डॉक्टरांकडे जायचं आणि त्या गोळ्या बंद करायच्या, असं त्याने पक्कं केलं होतं.

अण्णा ताईच्या घरी होते. मधल्या काळात त्यांचं स्वतःचं घर बंद झालं होतं. “विरोध नाही केला?” त्याने विचारलं.

“नाही रे. आता कशालाच विरोध करत नाहीत. अगदी शहाण्यासारखे राहतात.”

टेबल खिडकीशी होतं. अण्णांची दाढी केलेली, शर्टाच्या गुंड्या बरोबर. धाकट्याला बघून ते हसले. हसू पोचायला वेळ लागला.

“ताई, इकडे ये. बस इथे,” धाकटा म्हणाला. “एक दाखवायचंय. अण्णांना काही झालेलं नव्हतं. मीच माझ्या कामात घोळ घातला होता. मशीन त्यांची पहिली अक्षरं गिळत होतं. मी तेव्हा फक्त एक खूण काढली होती. ती परत घालतो, बघ, तुझ्यासमोर पुन्हा तसंच होईल.”  त्याने चौकोनात खूण घातली. जुनीच आवृत्ती, जुनाच दोष. “लिहा, अण्णा. काहीही लिहा. नेहमीसारखं.”

अण्णांनी लाल टिकली शोधली आणि दाबली. खिडकी सर्रकन वर आली आणि जागेवर बसली. अण्णांनी मान खाली घातली. कळफलकावर त्यांची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरली. मग उजवी तर्जनी वर उठली, थांबली, आणि खाली आली. टक. मग डावी. टक.

ताई पडद्याकडे बघत होती. धाकटा बोटांकडे बघत होता. बाकीची आठ बोटं मुठीत मिटलेली होती.

“बघून लिहितो. चुकत नाही आता,” पडद्यावर आलं. पहिल्या अक्षरापासून पूर्ण. थोड्या वेळाने त्याच्यापुढे आलं, “मीही दोनबोट्या झालो.”

ताई हसली. “काय रे, नीट तर येतंय सगळं. कुठे काय गिळतंय?” तिने प्रेमाने धाकट्याच्या पाठीवर थोपटलं. “उगाच स्वतःला लावून घेतोस. गोळ्यांनीच आला गुण. डॉक्टर म्हणालेत, चालूच ठेवा.”

अण्णांनी टिकली शोधली, दाबली, आणि वाक्य घेऊन खिडकी खाली गेली. मध्ये कुठेही अडखळली नाही.